आमचा विंग कमांडर आन व्यंकटरावचा कापूस

महारुद्र म्हंजी माझा पाठचा भाऊ. सख्खा. अख्ख्या सोनपेठ तालुक्यात विमानात बसून लढाई केलेला दुसरा गडी दाखवा, मी मिशी काढून देतो. मी सातवीत शाळा सोडून नांगर धरला, म्हणून ह्यो साताऱ्याच्या सैनिकी शाळंत गेला. तिथून पुण्याला, तिथून हैदराबादेकडं विमान शिकायला. पहिल्यांदा एकटा आभाळात गेला तवा त्याला मिसरूडबी नीट फुटलं न्हवतं. आन आमच्या बांधाशेजारच्या व्यंकटरावचं पोरगं त्या वयात मानवतच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यावर झोपायलं होतं.

नव्याण्णव साली कारगिलची लढाई लागली. तिथं हवा पातळ, विमान जड, खाली सगळा बर्फ. डोंगराच्या शेंड्यावर दुश्मन खांद्यावर रॉकेट घेऊन बसलेला. महारुद्र त्या दगडधोंड्यात शिरायचा आन परत यायचा. गावात आला की गप. मीच पारावर सांगायचो, बंकर कसे उडवले ते. त्याला विचारलं तर म्हणायचा, "थंडी लय होती, दादा." बस, एवढंच.

विंग कमांडर होऊन तो नोकरीतून उतरला. मान कामातून गेली होती. त्या विमानात अंगावर दहा माणसं बसल्यासारखं वजन येतं म्हणं. डॉक्टरनं सांगितलं, आता विमानाचं नाव काढायचं न्हाई. बायको मंजुषा परभणीची, तिला वाटलं शहरात राहू. ह्यो गावाकडं आला. पण जमिनीवर चालणारा महारुद्र दुसराच कुणीतरी होता. जेवता जेवता घास हातात धरून वर बघायचा. घारीकडं बघत बसायचा. मंजुषा मला म्हणली, "भाऊजी, ह्यांचं कायतरी करा. ह्ये घरात हायेत, पण न्हाईत."

मंग त्यानं फवारणीचं ड्रोन आणलं. पंखे घुमले आन त्याच्या तोंडावर रंग आला. दोन वर्षं गावातल्या उसावर, तुरीवर तोच फवारायचा. पोटभर जेवायला लागला. मंजुषानं परभणीचं नाव काढणं सोडलं.

ह्या श्रावणात आमच्या उसात तण माजलं. महारुद्रनं ड्रोननं अर्ध्या उसावर तणनाशक मारलं. बांधाला लागून व्यंकटरावचा कापूस; उसाला न बाधणारं ते औषध कापसाला विष. चार दिवसांत त्याच्या पऱ्हाट्यांची पानं आकसली, भेंडीच्या पानावानी चिरली. फुलं गळाली. व्यंकटराव उपटलेली पऱ्हाटी घेऊन थेट आमच्या ओसरीवर.

"हे बघ तुझ्या विमानवाल्याचं काम!"

"रोग असंल," मी म्हणलो. "तुझ्या तोंडासारखाच."

त्यानं पऱ्हाटी माझ्या चहाच्या कपात खुपसली. दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली बैठक. व्यंकटरावनं सगळ्यांसमोर मागणी केली, "ह्या गावच्या शिवारात ते मशीन पुन्हा उडता कामा नये. कायमचं."

महारुद्र मागं भिंतीला टेकून उभा होता. कायमचं, हा शब्द ऐकला आन त्याचा हात मानंवर गेला. डॉक्टरनंबी हाच शब्द वापरला होता.

मला राहवलं न्हाई. उठलो. "अरे, कुणाबद्दल बोलायलास? ज्यानं डोंगराच्या शेंड्यावरचे बंकर टिपले, त्याचा नेम तुझ्या बोडक्या वावरात चुकंल? त्याचा नेम चुकतच न्हाई!"

व्यंकटराव हसला. लय खराब हसला.

"ऐकलं का मंडळी? नेम चुकत न्हाई म्हणतोय. म्हंजी माझ्या कापसावर मुद्दाम मारलं. भाऊच गवाही द्यायलाय!"

लोकांत गलका झाला. कुणी म्हणलं पोलिसात द्या, कुणी म्हणलं मशीन फोडा. मी तोंड उघडायला लागलो तवर महारुद्र पुढं आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"मुद्दाम मारलं न्हाई, आप्पा," तो व्यंकटरावला म्हणला. "वारं फिरलं. मला दिसलं. एवढी एक पट्टी संपवू म्हणलो आन मशीन खाली घेतलं न्हाई. चूक माझी हाय."

"मंग लढाईत बी असंच केलं का, साहेब?" सरपंच किशनराव. त्याला मधी बोलायची खाज.

"लढाईत केलं न्हाई. एकदा खाली ढग आले. आपली पोरं कुठं, त्यांची कुठं, कळंना. बॉम्ब तसेच परत आणले."

"परत आणले!" कुणीतरी फिदीफिदी हसलं. "हा भाऊ बन्सीधर तर पारावर बंकर मोजून सांगायचा!"

ते मला ठावं न्हवतं असं न्हाई. पण चारचौघांत सांगायची गोष्ट हाय का ती? तरी त्या हसणाऱ्याला मी सोडलं न्हाई. म्हणलो, "बॉम्बसकट विमान उतरवणं सोपं वाटलं का? गॅसची भरलेली टाकी मोटारसायकलीला बांध, सोनपेठच्या खड्ड्यांतून न आदळता घरी आण, मंग हस."

व्यंकटरावला कबुलीची सवय नसावी. मिशी चावली. मंग म्हणला, "उडवायचं असंल तर मला विचारून. मी बांधावर येऊन हो म्हणलो तरच पंखा फिरवायचा. न्हाई म्हणलो तर न्हाई."

लढाऊ विमानाच्या माणसानं ह्याची इजाजत घ्यायची! माझं डोकं फुटायची पाळी आली. "मर्दासारखं न्हाई म्हण," मी भावाला म्हणलो. "मशीन विकू, पण ह्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई."

"दादा, ह्याच्यापेक्षा वाईट तोंडाच्या साहेबांची इजाजत घेतलीय मी," तो म्हणला. आन व्यंकटरावला म्हणला, "कबूल."

रातच्याला मी ताट उचलून ओसरीवर जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेल्या अर्ध्या उसात मशीन मांडून महारुद्र उभा राहिला. पान हलत न्हवतं. व्यंकटराव पलीकडं आपल्या आखाड्यावर, वावरातल्या छपरात बसून चहा प्यायला. फुंकून फुंकून. मंग दात घासले. मंग बैलाला वैरण टाकली. महारुद्र टोपी हातात घेऊन तसाच उभा. मी विहिरीपाशी दातओठ खायलो.

शेवटाला व्यंकटराव काठी टेकत बांधावर आला. वारं बघाय मूठभर माती उधळली. ती सरळ खाली पडली. परत उधळली.

"आप्पा, उडवू का?" महारुद्रनं विचारलं.

"उडव," तो म्हणला. "पण माझ्याकडं पान जरी हललं तर मी काठी फेकीन, मशीनवर न्हाई, तुझ्या भावावर."

पंखे घुमले. मशीन उसावर चढलं. व्यंकटराव काठी मांडीवर आडवी घेऊन बांधावर बसला, आन शेवटची पट्टी होईस्तोवर त्यानं मशीनवरनं नजर काढली न्हाई.