आडोशाचं बोलावणं

दुकानदारानं "मोबाइल नंबर सांगा" म्हटलं, की ती आधी त्याच्या कीबोर्डवर तळहात ठेवायची आणि मग विचारायची, "कशाला हवाय?"

एकदा मेन रोडवर आम्ही दोघी परकराची नाडी घ्यायला गेलो होतो. नाडी! "सिस्टीममध्ये टाकावा लागतो, काकू," दुकानदार म्हणाला. "नाडी मला परकरात घालायची आहे, सिस्टीममध्ये नाही," ही म्हणाली. मागे उभे असलेले पुरुष छताकडे बघायला लागले. नाडी नंबराशिवाय मिळाली.

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेलच, बघा. नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

आमच्या पंचवटीत ती हॅलोबाई. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, म्हणून हे नाव. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. त्यातलं काय काय कानावर पडलं असेल म्हणून मी खोदून खोदून विचारायची. "तेव्हा मी बहिरी होते," एवढंच उत्तर.

मी तिच्या अगदी उलट. आमच्याकडे पहिला फोन आला तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. घंटी वाजली की आधी केसांवरून फणी फिरवायची. पलीकडे सासरे असले तर डोक्यावर पदर घ्यायची. आणि आईशी बोलायची ती अशी ओरडून, की मला दिवस गेल्याची बातमी नवऱ्याच्या आधी समोरच्या किराणावाल्याला कळली. त्या भल्या माणसानं चिंच पाठवून दिली.

हे सांगितलं तेव्हा हॅलोबाई हसून हसून पायरीवरच बसली. "तू चालतंबोलतं एक्सचेंज होतीस गं! सरकारनं आम्हाला उगाच पगार दिला."

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, ही सभांना लागली. पेपरात अगदी बारीक अक्षरात छापून येतात ना, त्या. मोबाइलचा टॉवर कुठे उभारायचा, इंटरनेटवर लहान मुलांची माहिती कुणी घ्यायची, हरकती व सूचना कळवा. आपण त्या पानावर शेंगा सोलतो, ही ते पान वाचायची. "येत्या सोमवारी वाचनालयात चर्चा आहे, येतेस?" असं विचारायची, जणू नाटकाची तिकिटं काढली आहेत. मी एकदा गेले. वक्ते 'गोपनीयता, गोपनीयता' म्हणत राहिले आणि मी झोपले. चहा आल्यावर तिनं उठवलं.

गेल्या थंडीत आमच्या घाटावर एक खांब उभा राहिला आणि खांबावर कॅमेरा. पेठ तालुक्याकडच्या बाया फुलं, भाजी घेऊन पहिल्या गाडीनं येतात, नदीत अंघोळ करतात, तिथेच लुगडं बदलतात आणि मग बाजारात बसतात. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं त्या पायऱ्यांकडे.

येसूबाई ही आमची नेहमीची फुलवाली. हॅलोबाईला म्हणाली, "बाय, तो डोला आमचेकडंच बघतो. लाज वाटते. आता वल्या लुगड्यानंच बाजारात बसते." आणि खोकत खोकत शेवंती मोजायला लागली.

पेपरात त्याच बारीक अक्षरात आलं होतं: घाटांवरच्या कॅमेऱ्यांबद्दल येत्या गुरुवारी पालिकेच्या हॉलमध्ये जाहीर सभा, त्यानंतर जागा कायम. म्हणजे गुरुवारी कुणी तोंड उघडलं नाही, तर येसूबाईचं लुगडं कायमचं ओलं.

बायका गोळा करायला हव्या होत्या. पण 'सभा आहे' म्हटलं की आमच्या गल्लीत एकच उत्तर: "ह्यांना पाठवते." म्हणून हॅलोबाईनं कुंकवाचा करंडा काढला. घरोघरी गेली, कपाळाला बोट टेकवलं, "गुरुवारी चारला हॉलमध्ये यायचं हं!" म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली. कुंकू लावून केलेलं बोलावणं मोडायची कुणाची छाती आहे?

माझ्या दारात आली तेव्हा मी मान मागे घेतली. आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "अगं, मला कुठे लावतेस?"

"गप. सभेला नवरा लागत नाही."

ती गेल्यावर मी उगाचच आरशासमोर जाऊन आले. दोनदा.

संक्रांत नुकतीच झालेली, घरोघरी हळदीकुंकू चाललेलं. त्यात ही बाई सभा कशाची ते सांगायचंच विसरली. की मुद्दाम विसरली, ते मला अजून उमगलेलं नाही. गुरुवारी हॉल पैठण्यांनी भरून गेला. नथी, गजरे, वाण न्यायला आणलेल्या पिशव्या. स्टेजवरचे साहेब बाहेर जाऊन हॉलच्या पाटीवरचं नाव वाचून आले.

"वाण काय आहे गं?" शेजारची शोभा माझ्या कानाशी लागली.

"कॅमेरा."

"अगबाई! एवढं महाग?"

तेवढ्यात साहेबांनी प्रोजेक्टरनं मोठ्या पडद्यावर चित्र लावलं. "बघा, किती स्पष्ट! हे आत्ता, थेट घाटावरून."

स्पष्टच होतं. उतरतं ऊन, पायऱ्या, आणि पायरीवर पाठमोरी उभी कुणीतरी नवखी बाई. खांबाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं ओल्या लुगड्याचा पदर खांद्यावरून खाली घेतला.

हॅलोबाई उठली, पडद्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला. नाशकातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. नदीवर एकीनं लुगडं बदलायला घेतलं, की दुसरी समोर कापड धरते. शोभा उठली. मी उठले. मग सगळ्याच उठल्या. पैठणीवरच्या मोरांवरून गोदावरी वाहायला लागली आणि पडद्यावर काही दिसेनासं झालं.

"अहो ताई, बाजूला व्हा! कार्यक्रम चालू आहे."

"आमचाही चालू आहे," हॅलोबाई म्हणाली.

"पण हे काय चाललंय काय?"

"आडोसा, साहेब. तुमच्या कागदात त्याला गोपनीयता म्हणतात."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी मशीन बंद केलं, ते आधी दोन चुकीची बटणं दाबून. आणि मला पहिल्यांदा कळलं, की वाचनालयात ते वक्ते एवढा वेळ कशाबद्दल बोलत होते. आडोसा म्हणाले असते, तर मी जागी राहिले असते की!

मग ती बोलली. येसूबाईचं, ओल्या लुगड्याचं, खोकल्याचं. "चोर पकडा, जरूर पकडा. पण चोर पुलावरून येतो, पायरीवर लुगडं बदलत बसत नाही." साहेबांनी लिहून घेतलं. आमची एकमेव सूचना, आणि ती मान्य झाली. शोभा मात्र अजून म्हणते, की त्या हळदीकुंकवाला वाण काही मिळालं नाही.

हॅलोबाई श्रावणात गेली. आजारपण नाही, काही नाही. आता ते बारीक अक्षरांचं पान मी वाचते, आणि अर्ध्यावर डुलकी लागते.

पण मला ती आठवते ती कॅमेऱ्याचं तोंड पुलाकडे फिरवलं, त्या सकाळची. जन्मभर नळाखाली अंघोळ केलेली बाई. "आज मीही उतरते," म्हणाली आणि त्या गारठ्यात खरंच उतरली. वर आली तेव्हा दात वाजत होते. येसूबाईनं कोरड्या लुगड्याचं एक टोक धरलं, दुसरं मी. आत नुसती धडपड आणि हसू.

"धर नीट, भवाने! वारा आत येतोय."

"बाय, उरक की लवकर. हात दुखाय लागलं," येसूबाई म्हणाली.

"दुखू दे. मला घाई नाही," ती आतून म्हणाली, आणि लुगड्याच्या वरून एक ओला हात बाहेर आला, बोटं नाचवत, झंपर मागत.