मूळ म्हणाले आणि फसले

कळसला आमच्या घरी पाहुणे मला बघायला आले, तेव्हा मी बारामतीला गणितात एमएस्सी करत होते. आजवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या कॉम्प्युटरनं शोधली, अशी बातमी नुकतीच पेपरात आली होती आणि माझं डोकं तिथंच अडकलं होतं. विचारलं तेवढंच बोल, असं वडिलांनी बजावलं होतं. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला!

मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी विचारलं, "कशाचा आभ्यास करती?"

"मोठ्या मूळ संख्यांचा."

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. "मूळ? पोरगी मुळावर हाय का काय?"

मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याच्या जिवावर उठते म्हणे. मी घाईघाईनं समजवायला गेले, "तसं न्हाय तात्या. दोनाला दोननं गुणत जायचं आन शेवटी एक कमी करायचा. कधीमधी असा आकडा निघतो की एक आन तो स्वतः सोडला तर त्याला कुणाचाच भाग जात न्हाय."

"म्हंजी कुणासंगंच जमत न्हाय," तात्या म्हणाले. सगळे हसले. वडीलही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"पत्रिका दावा," तात्या म्हणाले. पत्रिका कुणी केलीच नव्हती. "मग जल्माची येळ तरी सांगा."

सगळे आईकडं बघायला लागले. माझा जन्म बावड्याच्या बाजूला, कुणाच्या तरी पडीक रानात झाला. तेव्हा आमची मेंढरं होती आणि तिथं मुक्काम पडला होता. जवळ बाईमाणूस नव्हतं, नाळ आईनंच कापली. हे ती आल्यागेल्याला रंगवून सांगायची. आताही तिनं पदर सावरला आणि सांगायला तोंड उघडलं.

"इंदापूरच्या दवाखान्यात झाली," वडील मध्येच म्हणाले. "सकाळी. मूळ-बीळ काय न्हाय, डाक्टरनीच सांगितलं."

डॉक्टर कधीपासून नक्षत्र सांगायला लागले? पण कुणी विचारलं नाही. सिद्धतेशिवाय साधं विधान न मानणारी मी मान खाली घालून बसले. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "दवाखान्यातच."

तात्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी आणखी चहा मागितला.

आई चुलीपुढं बसली, मी तिच्यामागं गेले. रानातल्या जन्माची लाज मला वाटत होती, आणि ती वाटते याची त्याहून जास्त. दवाखान्याचं खोटं आता तिला जन्मभर वागवावं लागणार होतं. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून शब्द शोधत होते, तर तीच हळू आवाजात म्हणाली, "माझं चुकलंच गं पोरी. पर तवा घड्याळ कुटलं आपल्याकडं?"