पंचामृताची वर्गणी

हिशेबाचा प्रोग्रॅम विकताना मला कधी फार त्रास झाला नाही. दुसऱ्या वर्षाची फी मागायला गेले की मात्र हीच माणसं ओळख विसरायची.

नव्वदच्या दशकात मी नगरच्या बाजारात पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्रॅम विकत होते. पहिलं वर्ष संपलं की दरसाल फी भरायची, त्यात देखभाल आणि नव्या सुधारणा. कंपनीने बजावलं होतं, दिवाळीच्या हंगामात जुन्या गिऱ्हाइकांच्या पुढच्या फीच्या कागदावर सह्या आल्या नाहीत तर नगरची एजन्सी बंद. आमची गल्ली गुळाच्या एका शेटजींकडे बघून चालायची. त्यांनी सही केली की बाकीचे करणार, हे नक्की.

मी यादी करून कामं उरकणारी. कुणाचं काही अडायच्या आतच सगळं तपासून, फ्लॉपीवर नक्कल काढून मोकळी व्हायचे. तिथेच माझं गणित फसलं.

"ताई, टेम्पो घेतला तवा पैसे दिले," शेटजी म्हणाले. "आता दरसाल कंपनीला पैसे देतो व्हय?"

"टेम्पोला सर्व्हिसिंग लागतं, शेटजी."

"लागतंच की. बिघडतो म्हणून. तुमचं कुठं बिघडतंय?"

गादीवरून दिवाणजी म्हणाले, "समोरच्या दुकानातला प्रोग्रॅम बघा. सारखा बंद पडतो. त्यो विकनारा मानूस जेवन टाकून पळत येतो बिचारा. तुमी येता कवा, जाता कवा, कळत बी न्हाई."

चांगला माल दिल्याची शिक्षा घेऊन मी घरी आले.

पाडव्याच्या सकाळी नवऱ्याला पाटावर बसवलं, निरांजन पेटवलं आणि फोन वाजला. शेटजींच्या दुकानातून दिवाणजी बोलत होते, मुहूर्ताचं पहिलं बिल निघत नव्हतं. "ताई, लई घोटाळा झालाय!"

"आधी ओवाळ तरी," नवरा पाटावरून इतक्या मोठ्याने म्हणाला की फोनवर पलीकडेही ऐकू गेलं.

"आल्यावर दुप्पट ओवाळते," म्हणून मी लुनाला किक मारली.

लक्ष्मीपूजनात भटजींनी वह्यांसोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. वह्यांना कुंकू लागलं, कीबोर्डाला पंचामृत मिळालं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं रात्रभर बटणांखाली मुरलं होतं. एंटर दाबलं की वर यायचं नाव नाही. ह्याचा माझ्या प्रोग्रॅमशी काडीचा संबंध नव्हता. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. पदर खोचला, एकेक बटण उचकटलं, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलं, पंख्याखाली वाळवलं. तोवर दुकानाबाहेर अर्धी गल्ली जमली होती.

मुहूर्त टळायच्या आत बिल निघालं. शेटजींनी सहीसाठी स्वतःच कागद मागून घेतला आणि बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "बघा! सणाच्या दिवशी नवऱ्याला पाटावर सोडून आली बाई! ह्याला म्हनत्यात सर्व्हिस!"

तुळशीच्या लग्नापर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. एजन्सी वाचली. कंपनीने खूश होऊन विचारलं, गिऱ्हाइकं टिकवायला नेमकं काय केलं? मी कळवलं, "व्यक्तिगत संपर्क."

पुढच्या दिवाळीत दिवाणजींनी दबकत विचारलं, "ताई, औंदा कॉम्प्युटरवर नुसत्या अक्षता टाकाव्यात का?"

"छे छे, दिवाणजी," मी म्हणाले. "रीत मोडू नये."

आणि पाडव्याच्या दिवशी फोन यायच्या आतच नवऱ्याला ओवाळून घेतलं.