बुधवारचा मासा

बुधवार, २८ नोव्हेंबर २०१८. दिवसभर वारा. मागच्या दाराची कडी पुन्हा ढिली झाली आहे. दुपारी मसुराचे सूप केले, उरले. संध्याकाळी वग्दीने तळलेला मासा आणला. कोणी खाल्ला नाही. दमियाना बराच वेळ हसत होती.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाबद्दल एवढेच आहे. काय घडले ते लिहावे, काय वाटले ते देवाला सांगावे, असे आम्हाला शाळेत नन्सनी शिकवले होते आणि मी ते फारसे मोडलेले नाही. पण दमियाना का हसत होती ते रोजनिशीच्या चार ओळींत मावले नसते, म्हणून वेगळे लिहून ठेवते.

दमियाना आणि तिचा नवरा वग्दी माझ्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या जर्सी सिटीच्या या रस्त्यावर निम्मी घरे इजिप्तहून आलेल्यांची. टोकाला आमचे कॉप्ट, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचे चर्च, ज्याच्या पाद्र्यांना आम्ही अबूना म्हणतो, आणि त्याच्या समोर डॉक्टर नसीफ यांचे औषधाचे दुकान. दमियाना त्या दुकानात मदतनीस होती. बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, गिऱ्हाइकाचे विम्याचे कार्ड घ्यायचे.

इजिप्तमध्ये तांता शहरात तिचे स्वतःचे दुकान होते, वडिलांच्या घराखाली. तिकडे माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, आधी औषधाच्या दुकानात जातो. आया मुलाला उचलून थेट काउंटरवर बसवायच्या. दमियाना त्याची जीभ बघायची, कपाळाला हात लावायची, दोन दिवसांचे औषध द्यायची आणि सांगायची, उतार पडला नाही तर डॉक्टरकडे न्या. तिकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात. तिला सगळी गल्ली दुक्तूरा म्हणायची. इथे आल्यावरही आपल्या बायका तिला दुक्तूराच म्हणत राहिल्या आणि तीच अडचण झाली.

त्यांतल्या उम्म बीशोय, म्हणजे बीशोयची आई, तीन घरे सोडून राहतात. एकदा मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले होते तेव्हा त्या काउंटरवर रेललेल्या होत्या.

"दुक्तूरा, ही थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतली तर चालते का गं?"

"डॉक्टर नसीफ सांगतील," दमियाना म्हणाली. "बोलावते त्यांना."

"का? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग सांग की."

"मला सांगायची परवानगी नाही."

"तांतामध्ये होती ना? मग काय, विमानातून उतरताना काढून घेतली?"

दमियाना हसली आणि मागे सरली. नसीफ आतून आले, त्यांनी सांगितले. उम्म बीशोय ऐकत होत्या, पण बघत दमियानाकडेच होत्या.

ती परवानगी परत मिळवायला दमियानाने तीन वर्षे घातली होती. पदवी खरी आहे याची परीक्षा झाली, इंग्रजीची झाली, औषधांची मोठी परीक्षा झाली. सगळ्या पहिल्या फटक्यात. राहिली होती फक्त कायद्याची. कोणते औषध कोणाच्या चिठ्ठीवर द्यायचे, कोणती चिठ्ठी किती दिवस चालते, कशाची नोंद कुठे ठेवायची. ऐकायला सगळ्यांत सोपी वाटते. त्यातच ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा थोडक्यात.

आता तिसरी वेळ होती. नसीफ यांच्याबरोबर काम करणारा दुसरा फार्मासिस्ट नव्या वर्षात मुलीकडे कॅलिफोर्नियाला चालला होता. नसीफ यांनी दमियानाला स्पष्ट सांगितले, "ती जागा तुझी आहे. सणापर्यंत मी कोणाला घेत नाही. पण सणानंतर घ्यावंच लागेल, बाई. एकट्याने दुकान उघडं ठेवायचं माझं वय राहिलं नाही." आमचा नाताळ सात जानेवारीला. या वेळी नापास झाली असती तर त्याआधी पुन्हा परीक्षेला बसता आले नसते.

वर वग्दीचा फुटबॉल चालू असतो म्हणून ती दुकानातून सुटली की माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची. सरावाचे पुस्तक माझ्या हातात. मी प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची.

"ओळखीची बाई, मूल तापलेलं," मी वाचले. "डॉक्टरांचा दवाखाना बंद. गेल्या महिन्यात याच मुलाला हेच औषध दिलेलं होतं. आता चिठ्ठी नाही. काय करशील?"

"दोन दिवसांचं देईन."

"चूक."

"का चूक, तांत? मूल तापलेलं आहे."

"पुस्तकात चूक आहे."

"पुस्तकाला मूल नाही."

मला इथे सगळे तांत म्हणतात, तांत ओदेत. शेजारच्या वयस्क बाईला मावशी म्हणावे तसे. माझे या विषयातले ज्ञान शून्य. मी फक्त मागच्या पानावरचे उत्तर बघून बरोबर किंवा चूक म्हणायचे. पण इतके दिवस ऐकून एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. तिला कलमे येत नव्हती असे नाही. वग्दी म्हणायचा, "झोपेत कलमं म्हणते. मी उठून सही करतो आणि परत झोपतो." कलमे तिला तोंडपाठ होती, पण प्रश्नात माणूस आला की ती कलम सोडून माणसाकडे बघायची.

त्यातून सगळ्यांत मोठा गोंधळ दोन कायद्यांचा. इथे एक कायदा देशाचा आणि एक राज्याचा. दोघांचे नेहमी जुळतेच असे नाही. दुखण्यावरच्या एका कडक औषधाच्या चिठ्ठीला देशाचा कायदा मुदत घालत नाही, आमचे राज्य महिन्याची घालते. परीक्षेत कोणत्या कायद्याने उत्तर द्या ते सांगत नाहीत. नुसते विचारतात, काय करशील.

"दोन सासवा असल्यासारखं आहे," ती म्हणायची. "एक म्हणते मीठ घाल, दुसरी म्हणते घालू नको. मग मी विचार करते, पेशंटला काय बरं पडेल, आणि ते निवडते."

"आणि?"

"आणि नापास होते."

तर तो बुधवार. नाताळच्या आधीचा मोठा उपवास नुकताच सुरू झाला होता. मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही. मात्र या उपवासाला मासा चालतो आणि वग्दी त्याची वर्षभर वाट बघतो. तो शाळेची बस चालवतो. त्या संध्याकाळी बस लावून येताना त्याने अव्हेन्यूवरच्या दुकानातून मासा तळून घेतला आणि तो वास जिना चढायच्या आधी माझ्या दारात घुसला. दमियाना माझ्याकडेच बसली होती. तो पुडके घेऊन आत आला आणि टेबलावर पुस्तकाच्या शेजारी ठेवून म्हणाला, "तांत, ताटल्या काढा. गरम आहे. लिंबू मी आणलंय."

दमियानाने पुस्तकातून मान वर केली. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग?"

"मग काय? नाताळचा उपवास आहे. मासा चालतो. अबूनांनी स्वतः रविवारी सांगितलं."

"नाताळच्या उपवासाला चालतो. बुधवारला नाही चालत. बुधवार-शुक्रवारचा उपवास वेगळा, वर्षभराचा. लहान आहेस का तू?"

"अगं, पण आता मोठा उपवास चालू आहे ना. मोठ्याने परवानगी दिली की धाकट्याचं काय चालणार?"

"मोठा-धाकटा नसतो त्यात. दोन उपवास एका दिवशी आले की जो कडक असेल तो..."

इथे ती थांबली. हात पुडक्यावर तसाच. मला वाटले तिला ठसका लागला. मग तिने खुर्ची ओढून घेतली, बसली आणि हसायला लागली.

"काय झालं?" वग्दीने मला विचारले. "मला हसते आहे का?"

"तांत," दमियाना म्हणाली, "तो दुखण्याच्या औषधाचा प्रश्न पुन्हा वाचा."

मी वाचला. चिठ्ठी पाच आठवड्यांपूर्वीची, रुग्ण वेदनेत, देशाचा कायदा आडवा येत नाही.

"देशाचा कायदा म्हणजे नाताळचा उपवास," ती म्हणाली. "मासा चालतो म्हणतो. राज्य म्हणजे बुधवार. बुधवार म्हणतो नाही. मग नाही. संपलं. पुढचा वाचा."

"बरोबर," मी मागचे पान बघून म्हणाले.

"आठ वर्षांची असल्यापासून मला हे येतं. बुधवारी मासा अंगाला चांगला का वाईट, असं आपण कधी विचारतो का? बुधवार आहे की नाही एवढंच विचारतो. आणि मी तिथे बसून पेशंटला काय बरं पडेल ते शोधत होते."

वग्दी पुडक्याकडे बघत उभा होता. "पण मी आजारी आहे असं धरा," तो म्हणाला. "अशक्तपणा आहे. आजाऱ्याला सूट असते."

"असते. अबूनांकडून घेऊन ये."

"मीच ठरवलं तर?"

"तू ठरवायचं नाही. मीही नाही. अबूनांना फोन कर, त्यांनी हो म्हटलं की ताटली काढते." मग ती माझ्याकडे वळली. "ऐकलंत? हे तापलेल्या मुलाचं उत्तर. मुलाला घालवून द्यायचं नाही. डॉक्टरला शोधायचं, त्यांचा फोन बंद असला तर त्यांच्या जागी जो असेल त्याला उठवायचं. पण सूट मी द्यायची नाही."

वग्दीने अबूनांना फोन केला नाही. त्याने मसुराचे सूप घेतले, दोन वाट्या, आणि म्हणाला की या घरात आता दुहेरी कायदा लागू झालेला दिसतो. मासा त्याने दुसऱ्या दिवशी गार खाल्ला.

त्यानंतर अभ्यासाची पद्धतच बदलली. मी प्रश्न वाचला की ती डोळे मिटून विचारायची, "मासा की बुधवार?" आणि बोट वर करून सांगायची. कधी कधी राज्य सैल आणि देशाचा कायदा कडक असे निघायचे, तेव्हा ती म्हणायची, "आज मोठा उपवास जास्त कडक आहे." वरून जाता येता वग्दीही विचारायला लागला. साखर संपली, आणू का, तर मासा की बुधवार. चुका अजून व्हायच्या, पण त्या तारखांच्या आणि आकड्यांच्या, पाठ करून सुधारता येण्यासारख्या.

सोमवारी, दहा डिसेंबरला वग्दीने तिला परीक्षेला नेले. कॉम्प्युटरवरची परीक्षा, एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही. ती परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात, कोट न काढता.

"कसा गेला पेपर?"

"चहा करा, तांत. पुदिना जास्त."

चहा झाल्यावर म्हणाली, "ते तापलेलं मूल आलं होतं. वेगळं नाव घेऊन."

"मग?"

"जीव तुटला माझा. पण डॉक्टरलाच फोन लावला."

त्याच संध्याकाळी वग्दी दोन मोठे बूरी मासे घेऊन आला, साफ केलेले, कच्चे. त्यांचा फ्रीझर लहान, म्हणून माझ्याकडे ठेवायला. "पास झाली की ओव्हनमध्ये," तो म्हणाला. दमियाना म्हणाली, "आणि नाही झाले तर?" तो म्हणाला, "तर तळू." तिने त्या माशांचा विषय काढायचा नाही असे आम्हा दोघांना बजावले. मी बर्फाच्या तबकाखाली ठेवले, दिसू नयेत म्हणून.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. बुधवार होता, एकोणीस तारीख. मी गोळ्या घ्यायला दुकानात गेले होते आणि पुढे उम्म बीशोय होत्या. दमियाना मागे बाटल्या लावत होती. नसीफ कॉम्प्युटरपाशी बसले होते. ते दिवसातून अनेक वेळा राज्याच्या यादीत तिचे नाव शोधायचे हे सगळ्या दुकानाला माहीत होते. तीच तेवढी विचारत नव्हती.

"डॉक्टर," उम्म बीशोय म्हणाल्या, "ती थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर..."

नसीफ यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ वाकले. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "मला काय विचारता? दुक्तूराला विचारा."

दमियानाने मान वर केली. नसीफ यांनी पडदा तिच्याकडे वळवला. ती चिकटवायची चिठ्ठी बोटावर तशीच घेऊन आली आणि वाकून बघू लागली. तिचे नाव, आणि नावापुढे परवान्याचा क्रमांक. तिने ते दोनदा वाचले असावे. मग मला म्हणाली, "तांत, नाव नीट लिहिलंय ना?" मी बघितले. नीट होते.

ती काउंटरवर आली, नसीफ उभे राहायचे त्या जागी.

"सकाळी उठल्या उठल्या," ती उम्म बीशोयना म्हणाली, "रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग किमान अर्धा तास थांबायचं. कॉफी त्याच्यानंतर. आणि कॅल्शियमची गोळी घेत असाल तर ती दुपारी, हिच्याजवळ नाही."

"कॅल्शियमचं मला कोणी सांगितलं नव्हतं," उम्म बीशोय म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं," नसीफ म्हणाले. "दोनदा."

"तुमच्याकडे मी लक्ष देत नव्हते." त्या दमियानाकडे वळल्या. "एवढंच सांगायचं होतं तर तीन वर्षं कशाला लावलीस गं?"

आणि पिशवी उचलून निघाल्या. दारातून परत आल्या, काउंटरवरून वाकून दमियानाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मग गेल्या. दमियानाच्या बोटावर ती चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तिने ती काढून बाटलीला लावली, कारण बाटली कोणाची तरी होती.

घरी पोहोचेपर्यंत वग्दीला कळले होते. तो माझ्या दारात लिंबाची पिशवी घेऊन उभा होता. "तांत, काढा ते मासे."

"वार कोणता?" दमियानाने जिन्यावरून विचारले.

त्याने कपाळावर हात मारला. "निदान आज तरी. पास झालीस तू. अबूनांना फोन करतो."

"काय सांगशील? बायको पास झाली म्हणून अशक्तपणा आला?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसत राहिला. त्या रात्री वर आम्ही तिघांनी भात, मसूर आणि मॅकरोनीची कोशरी खाल्ली, वग्दीने केलेली, कांदा जरासा करपलेला. जेवताना नसीफ यांचा फोन आला, सणानंतर किती वाजता यायचे ते सांगायला, आणि दमियाना उभी राहून बोलली.

खाली येऊन त्या दिवसाची रोजनिशी लिहिली. शेवटची ओळ अशी आहे: दोन्ही बूरी मासे फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवले. उद्या गुरुवार.