उन्हात धरलेला साचा

१२ नोव्हेंबर, बुधवार. आज दगडूकाकांची पडवी पुसायला घेतली. ती झाडून चालणार नव्हती. झाडलं की धूळ उडते आणि त्या धुळीत शिसं आहे. हातात मोजे, तोंडाला मास्क, बादलीत साबणाचं पाणी. फडकं एकदा वापरलं की पिशवीत बांधून टाकायचं. दुपारपर्यंत जुन्या साडीची एकोणीस फडकी संपली. काकांची मुलगी सुरेखा महिनाअखेर दोन्ही पोरींना घेऊन इथं राहायला येणार आहे. त्याआधी हे व्हायला हवं. मी गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. या घराच्या समोरच्या खोलीत अकरा वर्षं भाड्यानं राहते. पडवीत काय होत होतं ते मी अकरा वर्षं रोज बघितलं, तेव्हा पुसायचं काम माझंच.

काका पहिल्यांदा दिसले ते अंगणात आभाळाकडे तोंड करून उभे. दोन्ही हातांत चिमट्यासारखी लोखंडी वस्तू, ती डोळ्यासमोर उन्हात धरलेली. मी बॅग घेऊन दारात उभी. म्हटलं, खोली बघायला आलेय. त्यांनी मान वळवली नाही. "थांबा बाई जरा. ऊन जाईल, खोली कुठं जात न्हाय."

तो गोळ्या ओतायचा साचा होता. आमचं गाव तेरच्या बाजूला, रानडुकरांचा त्रास फार. आजूबाजूच्या तालुक्यांत काही घरांत परवान्याच्या जुन्या ठासणीच्या बंदुका आहेत, पीक राखायला ठेवलेल्या. बहुतेक वेळा नुसता बार काढतात. पण गोळ्या घरात लागतातच, आणि या बंदुकांना दुकानातली गोळी चालत नाही. प्रत्येक नळीचं माप वेगळं, म्हणून प्रत्येकीचा साचा वेगळा. तो साचा निवडून घ्यायला माणसं काकांकडे यायची. काका मूळचे इंजिन दुरुस्तीचे मिस्त्री, पण त्यांचं नाव झालं ते साच्यांमुळे.

साच्याची दोन फाळकी मिटून ते उन्हात धरत. मधून केसाएवढी जरी उजेडाची रेघ दिसली तरी साचा परत. मग कानाजवळ नेऊन टिचकी मारत. मग नुसता हातात घेऊन बसत, चहा होईपर्यंत. अॅल्युमिनियमच्या साच्याला म्हणत, "हे नव्या जावयावानी. लगीच तापतं, लगीच रुसतं." पितळेचा असला की, "देखणा हाय. ठिवा शोकेसात." लोखंडाचा त्यांना पसंत. "उशिरा तापतो, पण तापला की शब्द पाळतो." गिऱ्हाईक घाईत असलं की ठरलेलं वाक्य, "साचा बंदुकीला इचारून घ्यायचा, मालकाला न्हाय."

एकदा एक कंत्राटदार गाडी घेऊन आला. कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर. त्याला घरीच गोळ्या ओतायच्या होत्या, साचा बाहेरून मागवणार होता. मोबाइलवर एकेक चित्र दाखवून तो विचारत होता, टोकदार घेऊ की चपट्या तोंडाची, एका वेळी दोन ओतणारा घेऊ की सहा. काकांनी मोबाइल हातात घेऊन सगळी चित्रं बघितली, काही दोनदा बघितली. त्यांना ते साचे आवडले होते, तोंडावर दिसत होतं. मग मोबाइल परत दिला.

"माल चांगला हाय. पण ही वस्तू माणसाच्या अंगासाठी केल्याली हाय. हिचा साचा म्या निवडणार न्हाय."

"अहो मिस्त्री, लायसन आहे माझ्याकडं."

"लायसन तुमचं हाय, मालक. हात माझा हाय."

"मग डुकराला काय फुलं मारता व्हय?"

"डुकराला आवाज मारतो. तेवढ्यावर भागलं तर बरंच."

आतून काकांची बायको, सोनाकाकू, चहा घेऊन आल्या. "घ्या दादा. चहाला काय ह्यांचा नकार नसतो." कंत्राटदार हसला, चहा प्याला आणि गेला. परत आला नाही. देखणे साचे हातचे गेले याचं काकांना वाईट वाटलं असावं. पण बोलले एवढंच, "माझ्या शिशानं माणूस मेलं असं व्हायला नको."

साच्यात गोळी ओतून बघायला काका शिसं वितळवायचे ते लोखंडी कढईत. जुन्या बॅटऱ्यांतलं, भंगारातल्या पाइपांचं शिसं. पावसाळ्यात पडवी गळायची, तेव्हा आत स्वयंपाकाच्या चुलीवरच. कढई घरातली सगळ्यात चांगली, जाड बुडाची, काकूंच्या माहेरची. काकू शेजारी बसून पळीनं वरची काळी साय काढायच्या. ओतणं संपलं की कढई पालथी करायची, राखेनं घासायची, आणि त्याच कढईत शेंगदाण्याची आमटी. मी एकदा विचारलं होतं. काकांनी कढई माझ्यासमोर पालथी करून ठोकली. "बघा, कण तरी राहिला का? लोखंडाला शिसं धरत न्हाय, सिस्टरबाई. पितळंला धरंल, तांब्याला धरंल. ही लखलखीत हाय." खरंच लखलखीत होती. मला पटलं.

खंडेनवमीला तर त्या कढईचा मान. सगळे साचे धुऊन पाटावर मांडायचे, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी कढईला शिसं दाखवायचं नाही. वर्षभर कढईनं आग सोसली, आज तिला गोड द्यायचं, असं काकूंचं म्हणणं. तिच्यात शिरा करायचा, साच्यांना नैवेद्य दाखवायचा आणि गल्लीभर वाटायचा. गिऱ्हाइकांनाही डबे जायचे. गिऱ्हाइकांनीही मग आपापल्या घरी तीच रीत धरली. शिशाची कढई तीच जेवणाची कढई. मी दर वर्षी दोन वाट्या शिरा खाल्ला. गेल्या महिन्यात माझंही रक्त तपासलं. असायला हवं त्यापेक्षा शिसं जास्त निघालं.

काकूंचं रक्त कमी होतं. मी लोहाच्या गोळ्या द्यायचे. सहा महिने दिल्या, वर्ष झालं, रक्त वाढेना. रजिस्टरात मी लिहिलं, 'गोळ्या नियमित घेत नाही.' काकूंनी रिकामी पाकिटं आणून दाखवली. मी म्हटलं, "कोंबड्यांना घालत असाल." काकू म्हणाल्या, "कोंबड्या लाल झाल्या आसत्या की वो, सिस्टर." त्या हसल्या, मीही हसले, आणि आणखी एक पाकीट दिलं.

मग पोटात कळा सुरू झाल्या. मग मनगटं लोंबायला लागली. भाकरी थापताना हात परातीत पडायचा, भाकरी जाड आणि फाटलेली व्हायची. काका म्हणायचे, "आज नकाशा केलाय का काय?" काकू म्हणायच्या, "बघून घ्या नीट, वाट चुकायची तुमची." कुणी संधिवात म्हणालं, कुणी वय. मी वयच म्हणाले. त्या चौपन्न वर्षांच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात झटके येऊन गेल्या. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून अशक्तपणा लिहिला गेला. तो सांगणारीही मीच.

या सप्टेंबरात काकांच्या हातून साचा पडला. उचलला, पुन्हा पडला. मनगट तसंच लोंबत होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही अर्धवट. मी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नाडीसुद्धा धरली नव्हती, आधी विचारलं, "आजोबा, काम काय करता?" काकांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरनं त्यांचा ओठ वर करून हिरडी बघितली. हिरडीच्या काठावर निळी रेघ होती, अंगात शिसं भिनल्याची खूण. काकूंच्या तोंडात ती होती का, हे मला आठवत नाही. मी कधी बघितलंच नव्हतं.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तो त्यांना वाचून दाखवला. रक्तात शिसं, मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टरबाई, तिचंबी आसंच हुतं का?"

तपासणी झाली नव्हती, त्यामुळे सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण ते माझ्याकडे, साचा बघायचे तसे, पापणी न हलवता बघत होते.

"व्हय काका. असंच असणार."

"कढईतनं?"

"कढईतनं. धुरातनं. हाताला लागायचं त्यातनं."

"कढईला कधी चिकटलं न्हाय वो," ते म्हणाले. "पालथी केली की लखलखीत." एवढं म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बसस्टँडकडे चालायला लागले.

परतीची एसटी तामलवाडीला थांबली. काका एकदम उठून उभे राहिले. "हितं उतरायचं. हितं एक घर हाय. साचा म्या निवडून दिलाय." मी त्यांना हात धरून खाली बसवलं. त्यांच्यात चालायचं त्राण नव्हतं, ऊनही फार होतं. म्हटलं, आधी घरी जाऊ, मग बघू. ते खिडकीतून मागं बघत राहिले. त्यांना उतरू द्यायला हवं होतं.

शिसं अंगातून काढायचं औषध असतं. डॉक्टरनं भरती व्हायला सांगितलं होतं. काकांनी ऐकलं नाही. "तिला कुठं मिळालं? मला बी नको." मी रागावले, सुरेखा फोनवर रडली. त्यांनी खाणंही जवळजवळ सोडलं. पण डोकं शेवटपर्यंत जाग्यावर होतं. एका दुपारी मला वही घ्यायला लावली आणि घरं सांगितली. गाव, नाव, नळीचं माप, साचा कुठल्या धातूचा. एकदाही अडखळले नाहीत. तेवीस घरं, थेट मुरुमपर्यंत. प्रत्येक नावापाशी थांबून विचारायचे, "घरात बाया किती, लिवलं का?" त्यांना माहीत असेल तेवढं मी लिहिलं. शेवटी म्हणाले, "त्या गाडीवाल्याला म्या तोंड वर करून बोललो. आठवतंय का?" मी म्हटलं, आठवतंय. आणि वही मिटली.

ती यादी मी वर पाठवली, अर्ज लावून. पथक जाईल, तपासणी होईल, या भरवशावर बसले. काका दिवाळीच्या आधी गेले. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पडवीची भिंत उद्यासाठी ठेवली.

पुढचं गुरुवारी लिहितेय. सकाळी उठले आणि भिंत पुसायला घेतली नाही. रजेचा अर्ज टाकला, रक्त घ्यायचं सामान पिशवीत भरलं आणि धाराशिववरून गाडी बदलून तामलवाडीला गेले. गाव माझ्या हद्दीत येत नाही. यादीतलं घर विचारत गेले. घरधनी ओसरीवर होता, चाळिशीचा. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"सिस्टर, साचा काकांनी सोता निवडलाय. त्यांच्या हातचं कधी चुकत न्हाय."

"साचा चांगलाच आहे. शिसं वाईट आहे. काका त्यानंच गेले."

"वय झालं हुतं त्यांचं."

मी काकूंचं सांगितलं. तो म्हणाला, सोयाबीनची रास चाललीय, ती उरकली की बघू. दारात त्याची बायको उभी होती, हात ओला, तिशीची असेल. ती म्हणाली, "माझं पोट दुखतंय लई. दोन महिनं झालं. त्याचा आन ह्याचा काय संबंध?"

"आसतंय बायकांचं काय तर," नवरा म्हणाला.

मी तिला ओसरीवर बसवलं, दंडाला पट्टी बांधली. रक्त काढलं. मग नवऱ्यानं फळीवरचा साचा काढला, मिटला आणि मला पटावं म्हणून अंगणात जाऊन उन्हात धरून दाखवला. मी बाटलीवर त्याच्या बायकोचं नाव लिहिलं आणि कढई कुठं आहे ते विचारलं. ती चुलीवर होती, आमटी शिजत होती. मी चिमट्यानं ती उतरवली, आमटी गटारीत ओतली. नवरा ओरडायला लागला. बायको माझ्याकडे बघत होती. तिला म्हटलं, "रिपोर्ट आला की मी येते," आणि गरम कढई पोत्यात घालून एसटीच्या फाट्याकडे निघाले. बावीस घरं राहिली होती.