हळदी-कुंकवाचं शिबिर

आमच्याकडे सरकारी कामाला बाया जमत नाहीत. हळदी-कुंकवाला मात्र सांगावंही लागत नाही. हे शहाणपण तालुक्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांना कुणीतरी शिकवलं. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची स्तनांच्या कॅन्सरसाठी तपासणी करा, असा वरून हुकूम होता. साहेबांनी डोकं लढवलं आणि संक्रांतीनंतर आमच्या गावात शिबिर ठेवलं, हळदी-कुंकवासकट. वाण म्हणून स्टीलची वाटी.

चांदूर बाजारजवळचं आमचं गाव फुलांचं. साहेबांच्या गळ्यात घालायला हार लागणारच, आणि हार म्हटले की माझी मोठी आई. वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. मोठे बाबा गेल्यावर शेवंतीचा मळा तिनं एकटीनं सांभाळला. मी अमरावतीहून सुट्टीत आले होते. शिबिराच्या दिवशी आत नटूनथटून बायांची रांग लागली होती, आणि ही उपकेंद्राच्या पायरीवर बसून उरलेली फुलं टोपल्यात भरत होती.

चल, तुझीही तपासणी होऊ दे, असं मी म्हटलं, तर ती हसली.

"येडी झाली काय? हळदी-कुंकवात मले कोन बोलावन?"

मग आत नेमकं काय तपासतात ते तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचा हात थांबला. सुपारीएवढी एक गाठ आपल्यालाही आहे, पण दुखत नाही, असं ती फुलांकडे बघतच म्हणाली.

मी तडक साहेबांकडे गेले. आज सवाष्णींचा कार्यक्रम आहे, तसल्या बायकांना आत घेतलं तर बाकीच्या उठून जातील, असं ते म्हणाले. मग बाहेर येऊन मोठ्या आईला त्यांनी स्वतः सांगितलं की तुमच्यासाठी वेगळा दिवस ठेवू. कुंकू लावलेल्या बायांचे फोटो पटापट वर गेले आणि गावाचं टार्गेट पूर्ण झालं.

तो वेगळा दिवस काही उजाडला नाही. मी फोनवर तिला अमरावतीला ये म्हणायचे, रागवायचे, भांडायचे. तिचं एकच पालुपद. "सायबानं सोता सांगतलं ना. येईन थो दिवस." सरकारी शब्दावर असा विश्वास ठेवणाऱ्या बाया अजून आहेत, आणि तो ठेवून घेणाऱ्यांना त्याची लाज नाही, याचा मला आजही संताप येतो.

पावसाळ्यात गाठ फुटली. टोपलंभर शेवंतीतही तो वास लपेना, तेव्हा कुठे ती माझ्याबरोबर निघाली. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचं मशीन होतं, ते चालवणारं माणूस नव्हतं. तिथून आम्हाला अकोल्याला पाठवलं.

अकोल्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दुखणं पसरलं होतं, आता फार काही हातात नव्हतं. हात धुता धुता त्या आमच्यावर चिडल्या. इतके दिवस झोपला होतात का, गावात शिबिर झालं नाही का, असं विचारू लागल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोठी आई पदर सावरत म्हणाली, "झालं ना बाई. हार माह्याच हातचे होते."