वडील हयात आहेत का?

कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला पप्पा माझ्यासोबत आले होते. त्यांची तशी काही गरज नव्हती. कागद माझ्या पिशवीत होते आणि फॉर्म नेट कॅफेवालाच भरणार होता. पण हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्या या माणसानं त्या दिवशी हमालीला सुट्टी मारली आणि इस्त्रीचा शर्ट घातला, जणू पाहुणे बघायला येणार होते. मी वैतागले होते.

डेपोजवळच्या त्या दुकानात स्टूल एकच. त्यावर पप्पा बसले, मी उभी. दुकानदार स्क्रीनवरचे प्रश्न मोठ्यानं वाचायचा आणि मी उत्तरं द्यायची. 'वडील हयात आहेत का?' त्यानं वाचलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "हाये की. हे काय, तुमच्यासमोर बसून राहिलो." दुकानदार हसला, मागं उभी असलेली पोरं हसली. त्यानं 'होय' केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पप्पांनी मात्र हा किस्सा पुढं महिनाभर रंगवून सांगितला.

माझ्या आधार कार्डाला नंबर पप्पांचा होता, त्यामुळं बँकेचे, फॉर्मचे सगळे मेसेज त्यांच्या फोनवर यायचे. बटणांचा साधा फोन. बटणांच्या फटींत हळद बसलेली, ती काही केल्या निघायची नाही. पैसे जमा झाले की मेसेज येणार, एवढं त्यांनी डोक्यात पक्कं ठेवलं होतं. संध्याकाळी मोंढ्यातून आले की फोन माझ्यापुढं. "बघ बरं, आला का मेसेज?" कधी रिचार्जची जाहिरात असायची, कधी लॉटरी लागल्याची थाप. "सरकारी काम हाये, टाइम लागतो," असं म्हणून तेच माझी समजूत काढायचे.

मेसेज काही आला नाही, आणि उन्हाळ्यात पप्पा गेले. पोतं खाली ठेवून पाणी प्यायला बसले, ते उठलेच नाहीत. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मला आई सोबत आली. दुकानदारानं मागच्या वर्षीची माहिती उघडत सहज विचारलं, "काका न्हाई आले?" मी सांगितलं. तो पुन्हा स्क्रीनकडं वळला. मग हळूच म्हणाला, "मंग हे एक बदलावं लागन."

"राहू द्या," आई म्हणाली. "हाये तसंच राहू द्या. सरकारचं काय बिघडतं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. 'होय' तसंच राहिलं, आणि मलाही बरं वाटलं. सरकारदरबारी तरी ते होते.

अर्ज कॉलेजमधून परत आला. उत्पन्नाचा दाखला आईच्या नावाचा आणि वडील मात्र हयात, असं कसं? दुरुस्त करा, नाहीतर अर्ज बाद. अर्ज बाद म्हणजे पूर्ण फी, आणि आईच्या रोजंदारीत पूर्ण फी म्हणजे माझं कॉलेज संपलं. शेवटची तारीख तोंडावर आली होती. आई भाकरी करत होती तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली, तशी मी ओरडले, "अगं, एक बटण तर दाबायचंय."

"तुला नुसतं बटण वाटून राहिलं," ती म्हणाली. "त्यायनं सोता सांगितलं व्हतं ना तिथं बसून, हाये म्हणून?"

तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही.

सकाळी मात्र ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती. पप्पांचा फोन तिच्या हातात होता. ते गेल्यापासून तिनं तो एकदाही बंद पडू दिला नव्हता. त्याच्यावरून ती कुणाला फोन मात्र लावायची नाही. मला लावायचा तर शेजारणीच्या फोनवरून.

दुकानदारानं मृत्यूचा दाखला चढवला, 'होय'चं 'नाही' केलं. बदल पक्का करायला आधारच्या नंबरवर येणारा ओटीपी लागत होता. म्हणजे पप्पा नाहीत, हे पप्पांच्याच फोनला विचारून ठरणार होतं.

फोन आईच्या हातात वाजला. माझी जेमतेम शिकलेली आई स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा वाचू लागली, आणि मध्येच थांबली. मी पुढं झाले तर तिनं फोन मागं घेतला. "मी सांगते," ती म्हणाली, आणि उरलेले आकडे सांगितले.

"मावशी, आता हिच्या आधारला हिचाच नंबर जोडून घ्या," दुकानदार म्हणाला. "दरसाल तकलीफ नको."

"तकलीफ काहून व्हईन? चालू हाये ना फोन."

थंडीत एकदा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. माझा मोबाईल थरथरला आणि स्क्रीनवर नाव आलं, 'पप्पा'. आईच असणार हे मला कळत होतं. तरी उचलायला हात होईना. फोन उचलला की ते नाव जाणार होतं. शेवटी व्हरांड्यात येऊन उचलला.

"त्यायच्या फोनवर काहीतरी आलंय," आई म्हणाली. "पैशाचंच दिसून राहिलं. फोन इथं त्यायच्या फोटोपाशी धरलाय मी. तूच सांग त्यायला. लई इचारायचे."

पलीकडं आईचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"पप्पा," मी म्हणाले, "आला मेसेज."